मुळें आणि बुरशी : जमिनीखालची भागीदारी

बुरशी हा शब्द कानावर पडतांच घरांतील माणसांच्या मनांत प्रथम किळस उत्पन्न होते. शिळ्या भाकरीवरील हिरवट डाग, पावसाळ्यांत जोड्यांवर व पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढणारी पांढरी लव, मीठ कमी पडलेल्या लोणच्यावर येणारी साय, हीं सारीं बुरशीचींच रूपें होत. शेतकऱ्याला तर तांबेरा, काणी व भुरी या रोगांच्या रूपानें ती पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. त्यामुळें बुरशी म्हणजे नाश, हें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें बसलें आहे. तें अगदींच खोटें आहे असें नाहीं. परंतु अपुरें मात्र खास आहे. कारण पृथ्वीवरील वनस्पतींच्या जातींपैकीं शेंकडा ऐशींहून अधिक जाती आपल्या मुळांच्या ठायीं कोणत्या ना कोणत्या बुरशीला आश्रय देतात, आणि या आश्रित बुरशीच्या साहाय्यानेंच आपलें पोषण करून घेतात. अंगणांतील आंबा, परसांतील कांदा, शेतांतील ज्वारी व तूर, यांपैकीं एकहि झाड निसर्गांत एकटें जेवीत नाहीं. ही भागीदारी माणसाच्या ध्यानांत कशी आली, ती कोणत्या हिशेबानें चालते, आणि ती मोडली असतां काय होतें, याचा हा थोडक्यांत वृत्तान्त आहे.

या ज्ञानाचा आरंभ एका खाद्यपदार्थापासून झाला. युरोपांत ट्रफल नांवाची एक अळंबी होते. ती जमिनीवर छत्री उभारीत नाहीं. ओक व बीच यांसारख्या वृक्षांच्या मुळांशीं, मातीखालीं, बटाट्यासारखी वाढते. तिच्या वासामुळें व स्वादामुळें तिला फार मोठी किंमत येते, आणि ती हुडकून काढण्यासाठीं डुकरें किंवा कुत्रीं शिकवावीं लागतात. अशी मौल्यवान वस्तु आपल्या राज्यांत पिकवितां येईल काय, हें पाहण्याचें काम प्रशियाच्या कृषिमंत्र्यांनीं बर्लिन येथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे सोंपविलें. ट्रफलची लागवड फ्रांक यांना साधली नाहीं. परंतु त्या निमित्तानें त्यांनीं जंगलांतील झाडांचीं मुळें खणून सूक्ष्मदर्शकाखालीं धरलीं, तेव्हां त्यांना एक नवल दिसलें. मुळांचीं अगदीं बारीक टोंकें उघडीं नव्हतीं. बोटांवर हातमोजा चढवावा त्याप्रमाणें प्रत्येक टोंकावर बुरशीच्या तंतूंचें दाट वेष्टण होतें. त्यांतील कांहीं तंतु मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या सांध्यांत शिरले होते, तर कांहीं बाहेर मातींत पसरले होते. एखाद्याच झाडावर असें दिसलें असतें, तर तो रोग म्हणून सोडून देतां आला असता. परंतु ठिकठिकाणच्या धडधाकट वृक्षांवर तेंच दृश्य आढळलें. मूळ व बुरशी मिळून झालेल्या या जोड अवयवाला फ्रांक यांनीं १८८५ सालीं ग्रीक शब्दांवरून जें नांव दिलें, तेंच आज ‘मायकोरायझा’ म्हणून जगभर रूढ आहे. ‘बुरशीमूळ’ असा त्याचा सरळ अर्थ होतो.

बाळाला दाई दूध पाजते, त्याप्रमाणें ही बुरशी झाडाला मातींतील अन्न पाजते, असें फ्रांक यांचें म्हणणें होतें. तें ऐकून त्या काळच्या अनेक विद्वानांनीं नाकें मुरडलीं. बुरशी परोपजीवी असते, हा सिद्धान्त नुकताच स्थिर झाला होता. तेव्हां चोरालाच घरचा कारभारी म्हणणें त्यांना पटेना. वस्तुतः फ्रांक यांच्या थोडें आधीं, १८८१-८२ मध्यें, पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिशेक कामियेन्स्की यांनीं मोनोट्रोपा नांवाच्या, हिरवेपणाचा लवलेशहि नसलेल्या एका फिकट वनस्पतीचीं मुळें तपासून, तिला अन्न बुरशीमार्फत मिळत असावें असा तर्क केला होता. फ्रांक यांनीं पुढें प्रयोगाचा आधार घेतला. पाइनचीं रोपें त्यांनीं कांहीं निर्जंतुक केलेल्या मातींत व कांहीं जंगलाच्या साध्या मातींत वाढविलीं. साध्या मातींतील रोपांच्या मुळांवर बुरशी चढली आणि तीं जोमानें वाढलीं. निर्जंतुक मातींतील रोपें खुरटलीं. तरीहि वाद पुरता मिटला नाहीं. देवघेव प्रत्यक्ष दिसावी, तर द्रव्याच्या कणाचा माग काढतां आला पाहिजे, आणि तें साधन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हातीं नव्हतें. स्वीडनमधील उप्साला येथें एलियास मेलिन व त्यांचे सहकारी नील्सन यांनीं १९५० सालीं किरणोत्सर्गी स्फुरद बुरशीच्या तंतूंना देऊन तें पाइनच्या रोपांत पोंचतें असें दाखविलें. १९५७ सालीं त्यांनींच किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्यानें पानांत तयार झालेली साखर बुरशीपर्यंत उतरते हेंहि सिद्ध केलें. वर जाणारा माल आणि खालीं येणारा मोबदला, असे दोन्ही माग मिळाल्यावर दाईची उपमा अपुरी ठरली. कारण दाई येथें स्वतःचें वेतन घेत होती.

हा व्यवहार झाडाला कां करावा लागतो? याचें मुख्य कारण स्फुरद हें अन्नद्रव्य होय. नत्र, स्फुरद व पालाश या त्रयीपैकीं स्फुरद अतिशय स्थितिप्रिय आहे. मातींतील चुना, लोह किंवा ॲल्युमिनियम यांच्याशीं तें जखडून बसतें आणि पाण्याबरोबर फारसें वाहत नाहीं. कोंकणांतील तांबड्या जांभ्याच्या मातींत लोह व ॲल्युमिनियम विपुल असल्यामुळें ही जखडण विशेष जाणवते. मूळ आपल्या लगतचें स्फुरद शोषून घेतें, आणि मग त्याच्याभोंवतीं मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा रिकामा पट्टा तयार होतो. थोड्याच अंतरावर अन्न असूनहि तें मुळाकडे चालून येत नाहीं. अशा वेळीं झाडानें नवीं मुळें फोडावीं, तर त्यांच्या जाडीच्या मानानें खर्च फार येतो. बुरशीचा तंतु मात्र मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांश भागाइतका बारीक असतो. तो रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढें जातो, आणि मुळाला जेथें शिरकाव नाहीं अशा मातीच्या फटींत शिरून स्फुरद गोळा करतो. चमचाभर निरोगी मातींत अशा तंतूंची लांबी अनेक मीटर भरते.

बुरशीची गरज याच्या उलट आहे. तिच्याजवळ हरितद्रव्य नसल्यामुळें सूर्यप्रकाशापासून साखर करण्याची कला तिला अवगत नाहीं. म्हणून झाड आपण केलेल्या साखरेपैकीं मोठा भाग, कांहीं प्रसंगीं पांचव्या हिश्श्यापर्यंत, तिच्या वांट्याला देतें. शेतांतील पिकांशीं राहणारी बुरशी तर याहूनहि परावलंबी आहे. तिला आपल्या शरीराला लागणारी मूळ स्निग्धाम्लेंहि स्वतः बनवितां येत नाहींत. तीं सुद्धां झाडच पुरवितें, हें २०१७ सालीं निरनिराळ्या संशोधकांनीं दाखविलें. ज्याच्याजवळ जें विपुल आहे तें त्यानें द्यावें, आणि जें दुर्मिळ आहे तें घ्यावें, या जुन्याच बाजारनीतीवर हा संसार उभा आहे.

या भागीदारीचे मुख्य प्रकार दोन. पहिला फ्रांक यांनीं पाहिलेला, मुळावर बाहेरून मोजा चढविणारा. पाइन, ओक, बर्च आणि आपल्याकडील साल हे वृक्ष या वर्गांतले. पावसाळ्याच्या आरंभीं गडचिरोलीच्या शेजारच्या बस्तर भागांत सालाच्या झाडांखालची माती उकरून आदिवासी स्त्रीपुरुष ‘बोडा’ नांवाचे लहान गोळे वेंचतात आणि ते बाजारांत चढ्या भावानें विकतात. हा बोडा म्हणजे सालाच्या मुळांवर जगणाऱ्या बुरशीचें फळ होय. पेंढ्याच्या गाठोड्यांवर धिंगरी अळंबी पिकवितां येते, तसा बोडा कां पिकवितां येत नाहीं, याचें उत्तर आतां सहज ध्यानांत येईल. धिंगरी मेलेल्या पेंढ्यावर जगते. बोड्याला जिवंत सालाचें मूळ लागतें. सालाचें जंगल तुटलें, म्हणजे वेंचणाऱ्यांचा हा हंगामहि त्याबरोबर जातो.

दुसरा प्रकार अधिक व्यापक, पण डोळ्यांना न दिसणारा. यांत मुळावर मोजा नसतो. बुरशीचा तंतु मुळाच्या आंत शिरतो, पेशीची भिंत ओलांडतो, परंतु पेशीची जिवंत त्वचा फाडीत नाहीं; ती त्वचा त्याच्याभोंवतीं दुमडत जाते. आंत गेल्यावर तो इतक्या फांद्यांनीं फुटतो, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींत एखादें इवलेंसें झाड उगवल्यासारखें दिसतें. या इवल्या झाडाच्या पृष्ठभागावरच स्फुरद व अन्नरस यांची अदलाबदल चालते. कांहीं दिवसांत तें विरून जातें आणि शेजारच्या पेशींत दुसरें उभें राहतें. ज्वारी, बाजरी, मका, गहूं, तूर, कापूस, कांदा, आंबा, केळ, द्राक्ष, संत्रें, हीं सारीं या वर्गांत मोडतात. ही बुरशी पिकाच्या वाढीस साहाय्य करते, हें ध्यानांत आणून देण्यांत इंग्लंडमधील बार्बरा मॉस यांचा वांटा मोठा आहे. सफरचंदाच्या रोपांवरील त्यांचे प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध झाले. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, तसेंच पालक व चाकवत यांच्या कुळांनीं मात्र बहुतांशीं ही सोयरीक सोडून दिली आहे.

यांशिवाय आमरीच्या कुळाची तऱ्हा निराळी आहे. सह्याद्रींतील झाडांवर ‘सीतेची वेणी’ ज्यांनीं लोंबतांना पाहिली असेल, त्यांना या कुळाचें सौंदर्य सांगावयास नको. आमरीचीं बीजें धुळीसारखीं असतात. त्यांत अंकुराला पुरेल इतकी शिदोरीच नसते. योग्य ती बुरशी बीजांत शिरून त्याला अन्न पुरवील तरच निसर्गांत तें रुजतें. फ्रान्समधील नोएल बर्नार यांनीं हें १८९९ सालीं ओळखलें. येथें आरंभीं तरी घेणारी वनस्पति आहे आणि देणारी बुरशी.

आतां एक कोडें. ज्वारीच्या शेतांत टारफुला नांवाचें एक तण येतें. तें ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पितें व पीक खुरटवितें. त्याचें सूक्ष्म बीं जमिनींत दहा वर्षांहून अधिक काळ निपचित पडून राहूं शकतें. पाऊस पडला तरी तें सहसा उठत नाहीं. जवळ यजमानाचें मूळ आलें कींच तें जागें होतें, कारण मुळांतून झिरपणारें एक रसायन त्याला चाहूल देतें. १९६६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं कापसाच्या मुळांच्या स्रावांतून या जातीचें रसायन वेगळें केलें. परंतु त्यामुळें प्रश्न अधिकच अवघड झाला. आपल्याच वैऱ्याला जागें करणारें द्रव्य वनस्पति मुळांतून कां सोडतात? अशी आत्मघातकी संवय निसर्गांत लक्षावधि वर्षें कशी टिकली?

याचें उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. २००५ सालीं जपानमधील कोहकी आकियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं हें आमंत्रण मुळीं टारफुल्याला नसतेंच. तें बुरशीला असतें. हें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत लागतांच बुरशीचे तंतु झपाट्यानें फांद्या फोडूं लागतात आणि मुळापर्यंत पोंचतात. स्फुरदाची उपासमार होऊं लागली, म्हणजे झाड ही हांक अधिक जोरानें देतें. टारफुला हा केवळ ती हांक चोरून ऐकणारा होय. भागीदाराला बोलावल्यावांचून पोट भरत नाहीं, आणि बोलावलें तर चोरहि ऐकतो. ज्वारीनें हा धोका पत्करला आहे. यावरून बुरशीच्या साह्याची किंमत तिला किती वाटत असावी, याचें अनुमान करतां येतें.

मात्र हें सहजीवन म्हणजे निव्वळ परोपकार, असें समजणें चुकीचें ठरेल. २०११ सालीं टोबी कीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं जी बुरशी अधिक स्फुरद आणून देते तिला मूळ अधिक साखर देतें, आणि जें मूळ अधिक साखर देतें त्याला बुरशी अधिक स्फुरद देते. मातींत मुबलक स्फुरद मिळूं लागलें, तर झाड हांक देणें कमी करतें व मुळाचें दार जवळजवळ लावून घेतें. अलीकडे जंगलांतील झाडें बुरशीच्या जाळ्यांतून एकमेकांशीं बोलतात, आईझाड लेंकरांना जेवूं घालतें, अशीं रम्य वर्णनें वाचावयास मिळतात. १९९७ सालीं कॅनडांत सुझान सिमर्ड यांनीं एका झाडाचा कार्बन दुसऱ्यांत गेल्याचें दाखविलें, त्यावरून हीं वर्णनें वाढलीं. परंतु २०२३ सालीं त्याच क्षेत्रांतील तीन अभ्यासकांनीं सर्व पुरावा पुन्हां चाळून असें बजाविलें, कीं एवढ्या मोठ्या निष्कर्षांना जंगलांतील प्रत्यक्ष निरीक्षणांचा आधार अद्याप फार थोडा आहे. देवघेव खरी, मातृवात्सल्य अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे.

ही देवघेव किती पुरातन आहे, याची साक्ष स्कॉटलंडमधील रायनी या गांवच्या दगडांत मिळते. सुमारें ४० कोटि ७० लक्ष वर्षांपूर्वींच्या या दगडांत जमिनीवरील आद्य वनस्पति पेशींसह जपून राहिल्या आहेत. त्यांना खरीं मुळें नव्हतीं. तरीहि त्यांच्या पेशींत तींच इवलीं झाडें दिसतात. तात्पर्य, मूळ हा अवयव तयार होण्यापूर्वींच बुरशी वनस्पतीच्या सोबतीला होती.

इतक्या जुन्या सोबतीकडे दुर्लक्ष झालें, म्हणजे काय होतें? पोर्तो रिको या बेटावर पाइनचीं झाडें मूळचीं नाहींत. तेथें पाइन लावण्याचे प्रयत्न अनेक वर्षें झाले. बीं रुजे, रोपें वर येत, आणि मग पिवळीं पडून खुरटत. माती, पाणी, ऊन यांपैकीं कशांतहि मोठें वैगुण्य नव्हतें. १९५५ सालीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनांतील पाइनखालची माती आणून रोपांच्या मुळांशीं घातली, तेव्हां तीं रोपें तरारलीं. शेजारचीं, माती न मिळालेलीं, तशींच खुजीं राहिलीं. बीं समुद्रापार गेलें होतें, पण त्याचा भागीदार मागें राहिला होता.

या प्रश्नाचा हिंदुस्थानांतील शेतीशीं संबंध जोडणारांत सर आल्बर्ट हॉवर्ड हे प्रमुख होत. १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथील संस्थेंत त्यांनीं पालापाचोळा व शेण यांपासून उत्तम कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसविली, ती ‘इंदूर पद्धति’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९३१ सालच्या त्या विषयावरील ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. पुढें चहाच्या मळ्यांतील मुळांत ही बुरशी पाहून हॉवर्ड यांना वाटलें, कीं कुजलेलें खत आणि निरोगी पीक यांना जोडणारा दुवा हाच. मूळ ही बुरशी पचवून पुष्ट होतें. त्यांची दिशा बरोबर होती, परंतु उपपत्ति पुढें बदलावी लागली. पिकांच्या मुळांतील ही बुरशी खत कुजविण्याचें काम करीत नाहीं, आणि झाडाला मिळणारें अन्न तिला पचवून नव्हे, तर जिवंत तंतूंशीं चाललेल्या अदलाबदलींतून मिळतें. कंपोस्टामुळें माती भुसभुशीत व ओलसर राहते, आणि अशा मातींत तंतु टिकतात, एवढें मात्र खरें.

आज या ज्ञानाचें महत्त्व वाढलें आहे. स्फुरदखताचा मूळ खडक भारताला बहुतांशीं परदेशांतून आणावा लागतो, आणि घातलेल्या खतांतील पुष्कळ भाग मातींत जखडून पडतो. तो सोडवून आणणारे मजूर जमिनींतच आहेत. परंतु वारंवार खोल नांगरट केली कीं त्यांचें जाळें तुटतें. जमीन दीर्घकाळ उघडी ठेवली कीं त्यांची उपासमार होते. आणि स्फुरदखताचा मारा केला कीं पीकच त्यांना दार बंद करतें. मग पुढील वर्षीं खत अधिक लागतें. बुरशीनें खताची गरज सर्वस्वी संपते असें नव्हे. पण तिला मोडून टाकल्यास ती गरज निष्कारण वाढते.

शहरांतील गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या कुटुंबांनाहि यांतून कांहीं घेण्यासारखें आहे. बाजारांत ‘मायकोरायझा’ म्हणून पाकिटें मिळतात. तीं घेण्यापूर्वीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कोबी, मोहरी व पालक यांना त्यांचा उपयोग नाहीं. मिश्रण कुंडींत वरवर न पसरतां रोप लावतांना मुळांना लागेल असें घालावें, आणि त्याच वेळीं रासायनिक स्फुरदखत ओतूं नये. तिसरी गोष्ट ही, कीं निरनिराळ्या देशांतील परीक्षणांत अशा अनेक पाकिटांतील बुरशी मेलेली किंवा अत्यल्प आढळली आहे. म्हणून मुदत पाहून व खात्रीच्या ठिकाणाहूनच तें घ्यावें. नारळाच्या भुशांत वाढलेल्या रोपाला पुष्कळदां भागीदार मिळालेलाच नसतो. अशा रोपाच्या कुंडींत, शेजारच्या निरोगी व जुन्या झाडाखालची पसाभर माती मिसळली, तरी तें काम बिनखर्चानें होऊं शकतें. मात्र तें झाड रोगट नसल्याची खात्री करून घ्यावी. आणि जमिनींत वाढलेलें रोप हलवितांना त्याचीं मुळें पाण्यानें स्वच्छ धुऊन काढण्याचा उत्साह कोणी दाखवूं नये. मुळांना बिलगलेली ती माती केवळ माती नसते. रोपाला अन्न पुरविणारें अर्धें घर तिच्यांतच असतें.